खुंटीखालचं सोपट

दोन हजार सालच्या सुमाराची गोष्ट. हातखंब्याच्या नाक्यावर मी देवरूखच्या गाडीची वाट बघत होतो. मांडीवर इलेक्ट्रिक गिटार होती. तिच्यात काहीतरी किणकिणायचं. विजेला जोडली की ते कळायचं नाही, पण रत्नागिरीला घरी नुसती छेडली की दुसरं काही ऐकूच यायचं नाही. स्क्रू आवळून मी कंटाळलो आणि ती देवरूखच्या मित्राला देऊन टाकायला निघालो.

बसल्या बसल्या एक तार छेडली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किणकिणतंय रे काहीतरी. वाजवत राहा बघू."

त्यांच्या पायाशी फणस होता, डोक्यात केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीच्या दोऱ्यात, गुंफलेला अबोलीचा वळेसर. माळ्यावरचं वाजणारं भांडं शोधावं तशा त्या गिटारभर अंगठा दाबत गेल्या. एका खुंटीखालच्या वॉशरवर अंगठा टेकला आणि किणकिण थांबली. उचलला की पुन्हा सुरू. बाई भलत्याच खुशीत आल्या.

गिटार कुठे नेतोय ते मी सांगितलं.

"एवढ्यासाठी देऊन टाकतोस? आमचे हे रोज घोरतात. त्यांना दिलं काय मी कोणाला?"

वळेसराचं टोक सोडून त्यांनी सोपटाचा तुकडा तोडला आणि वॉशरखाली घट्ट गुंडाळला. तेवढ्यात देवरूखची गाडी आली. फणस मी चढवून दिला. खिडकीतून त्या मला बोलवत राहिल्या. मी हात हलवला आणि रस्ता ओलांडून रत्नागिरीची गाडी पकडली.

सोपट केव्हाच वाळलं, पण वॉशर अजून गप्प आहे. त्यांचे ते मात्र अजून घोरत असोत.