आतून ओल्या काचा

त्या डिसेंबरात माझ्या गाडीच्या काचा आतून ओल्या व्हायला लागल्या. बाहेरून पडलेलं दव वायपरनं जातं, हे पाणी आतलं होतं. सकाळी सव्वासहाला दार उघडलं की पुढची काच दुधाळ झालेली असायची आणि बाजूच्या काचांवर थेंब धरलेले. एखादा थेंब माझ्यासमोरच घरंगळत खालच्या रबरापर्यंत जायचा. सोलापुरात आम्हाला उन्हाची सवय. गाडीला जाळीचे पडदे लावायचे, स्टिअरिंगवर टॉवेल टाकायचा, एवढं सगळ्यांना येतं. थंडीत गाडीचं काय करायचं ते विचारायला माणूस सापडत नाही.

मी मंद्रूपच्या एका शाळेत गणित शिकवते. शाळा सकाळची, साडेसातला प्रार्थना. गाडी जुनी, दोन हात फिरून माझ्याकडे आलेली. त्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांना मागं दिवा नसतो, त्यामुळे धूसर काचेनं निघणं शक्य नव्हतं. रोज दहा मिनिटं पुसण्यात जायची. आधी हातरुमालानं पुसायचे, मग मुलीच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यानं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून वर्तमानपत्राच्या बोळ्यानं. शाळेतले एक सर म्हणाले, थंडी वाजली तरी एसी लावा, तो ओलावा ओढून घेतो. तसं केल्यावर काच साफ व्हायची, पण बोटं गारठून जायची आणि वर्गात खडू धरवायचा नाही. फडक्याच्या पुरचुंडीत जाडं मीठ बांधून समोर ठेवलं. आठवड्याभरात त्याचा गोळा झाला, काचा मात्र होत्या तशाच. संध्याकाळी एक काच बोटभर उघडी ठेवून पाहिली. सकाळी ती बंद. नवऱ्यानं लावली असेल असं मी धरून चालले. त्याला विचारायचं मात्र राहून जायचं.

घर आमचं लहान. हॉल, आतली एक खोली आणि स्वयंपाकघर. गाडी फाटकाबाहेर भिंतीला लागून उभी असते. अप्पा, म्हणजे माझे सासरे, हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे. ते होटगीला रेल्वेत होते. उभा जन्म रुळांवरून चालण्यात गेला, थंडी-पावसात, हातात हातोडा घेऊन. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. त्या दोघांचं आपसात सगळं कन्नडमध्ये चालायचं. माझं माहेर माळशिरसकडचं, मला कन्नड येत नाही, आणि नवऱ्याला येत असून तो घरात बोलत नाही. त्यामुळे आमच्याकडे आल्यापासून अप्पा कमीच बोलायचे. फक्त अक्कलकोटला दिलेल्या मुलीशी, माझ्या नणंदेशी, फोनवर बोलताना त्यांचा आवाज मोकळा व्हायचा.

माझी मुलगी दहावीत होती. तिचं टेबलही हॉलमध्येच, दिवाणाच्या पलीकडे. ती पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसायची आणि दिवाळीनंतर अप्पांना जो खोकला लागला तोही पाचच्या सुमारासच जोर धरायचा. नवरा औषधांच्या घाऊक दुकानात काम करतो. त्यानं खोकल्याची बाटली आणली. ती संपल्यावर दुसरी आणली. औषध चालू आहे म्हणून डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. नवरा चहा घ्यायला आला. मी म्हणाले, "अहो, असं किती दिवस चालायचं? पोरगी पाचला उठते आणि पाचलाच यांचं सुरू होतं. दहावीचं वर्ष आहे तिचं."

"मग काय करू? बाहेर झोपवू का त्यांना?"

मी तव्यावरची पोळी उलटली. नवरा थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बघू काहीतरी."

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पहाटे फिरायला जायला लागले. मुलगी उठली की ते चादर गुंडाळून, माकडटोपी घालून बाहेर पडायचे आणि सहाच्या सुमाराला परत यायचे. "फिरलं की छातीला बरं वाटतंय," म्हणायचे. आम्हाला हायसं वाटलं. मी एकदा नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "बघा, चालण्यानं खोकला किती कमी झाला."

काचांचं काही जमेना, तेव्हा एका रविवारी गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं पायाखालची मॅटिंग उचलली, खाली हात घालून पाहिला, पुढच्या काचेचं रबर दाबून पाहिलं, हीटरचं पाणी गळतंय का तेही तपासलं. सगळं कोरडं होतं.

"म्याडम, पानी कुटनंच येत न्हाय," तो फडक्याला हात पुसत म्हणाला. "गाडीत कोन झोपतं का?"

"घरापुढंच असते गाडी. कोण झोपणार?"

"न्हाय, बंद गाडीत मानूस तासभर बसला तर असंच हुतं. श्वासाचं पानी असतं ते." मग मागचं दार उघडून त्यानं नाक ओढलं. "बामचा वास येतोय की."

"सासऱ्यांना मागं दवाखान्यात नेलं होतं, त्याचा असेल," मी म्हणाले. त्यांना डोळे तपासायला नेलं होतं, तेही गणपतीच्या आधी. एवढे दिवस वास टिकतो का, हा प्रश्न मला पडला नाही.

पुढच्या शुक्रवारी शाळेची सहल होती. मुलं सहा वाजताच जमणार होती, म्हणून मी सव्वापाचलाच घराबाहेर पडले. मुलगी टेबलाशी बसलेली होती, दिवाण रिकामा. बाहेर अजून अंधार होता. फाटकाची कडी काढताना मला खोकला ऐकू आला. दबलेला, जवळचा, पण कुठून येतोय ते कळेना. रस्त्यावर कुणी नव्हतं. गाडीजवळ गेले तर सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या आणि खोकला आतून येत होता.

मी मागचं दार उघडलं. आतली हवा दमट आणि बामच्या वासानं जड झालेली. अप्पा सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. तोंडाशी टॉवेल दाबून धरलेला. मला पाहताच ते घाईघाईनं उठायला लागले.

"तुला आज लवकर जायचं व्हतं व्हय?" ते म्हणाले. "मला म्हाईत न्हाय अव्वा. न्हायतर आदीच उतरलो असतो." मला ते अव्वाच म्हणायचे, कन्नडमध्ये आईला म्हणतात तसं.

"अप्पा, तुम्ही इथं काय करताय?"

"काय न्हाय. जरा खोकून घेतो. काचा लावल्या की आवाज भाईर जात न्हाय."

"फिरायला जातो म्हणाला होतात ना?"

"गेलो की दोन-तीन दिस. चाललं की धाप लागती." टॉवेलनं त्यांनी शेजारची काच पुसली. "रोज पुसतो मी. पुसली तरी परत धरती. तुला लई तरास झाला आसंल."

मी विचारलं, "असं कुठवर बसणार होता?"

"पोरीची परीक्षा हुईस्तवर. मंग बसंन की घरात."

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. हात गार पडला होता. दिवाणावर बसवलं, अंगावर आणखी एक चादर घातली. मुलगी वहीवरून मान वर करून बघत राहिली. तिला म्हणाले, "आजोबांना चहा करून दे." आणि मी निघून गेले. सहलीची मुलं वाट बघत होती, बस ठरलेली होती, हे सगळं खरं. तरी मी त्या दिवशी गेले, हेही खरंच. दिवसभर मुलं मोजत राहिले, बसमध्ये चढताना आणि उतरताना, आणि दर वेळी आकडा चुकत राहिला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी चावी कुठं असते हे त्यांना माहीत होतं?" चावी कॅलेंडरच्या खिळ्यालाच असते, दिवाणाच्या अगदी वर. पडद्याआडच्या त्या सकाळबद्दल तो बोलला नाही, मीही बोलले नाही. पण त्या रात्री तो दिवाणाशेजारी खाली सतरंजी टाकून झोपला.

दुसऱ्या दिवसापासून काचा कोरड्या राहू लागल्या.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मग स्कॅन. अप्पांना बाहेर बसवून त्यांनी आम्हाला सांगितलं की फुफ्फुसं कडक होत आली आहेत आणि हे आजचं नाही, काही वर्षांचं आहे. "आधी आणलं असतं तरी ते पूर्ण बरे झाले नसते," ते म्हणाले. "पण बराच त्रास वाचवता आला असता." त्यांचं पहिलं वाक्य मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. दुसरं कुणालाच सांगितलं नाही.

जानेवारीत घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते हॉलमध्ये दिवसरात्र घरघरत असायचं, खोकल्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं. मुलीला म्हणाले, "टेबल आतल्या खोलीत नेऊ या." ती नको म्हणाली.

"मला आवाजाचा कधी त्रास झाला नाही, मम्मी. उलट आजोबा खोकले की मी जागी व्हायचे. मधले काही दिवस ते नव्हते, तेव्हा मी वहीवर डोकं ठेवून झोपायचे. तुला सांगितलं नाही, रागावशील म्हणून."

मी तिच्यावर रागावले नाही. पाठ फिरवली आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

फेब्रुवारीत, तिच्या परीक्षेला बारा दिवस असताना, अप्पा गेले. मी शाळेत होते, आठवीच्या वर्गावर. नवऱ्याचा फोन आला. परत येताना रस्ता कसा संपला ते आठवत नाही. गाडी लावून घरात गेले तेव्हा मशीन बंद होतं आणि शेजारणी मुलीला धरून बसल्या होत्या. दुपारी अप्पांना लिंगायत रीतीनं बसवून, कपाळाला विभूती लावून, गळ्यात हार घालून नेलं.

शिवगणाराधनेच्या, म्हणजे अप्पांच्या दिवसकार्याच्या, दिवशी अक्कलकोटकडचे सगळे नातेवाईक आले. पंगत बसली होती आणि मी वाढत होते. नणंद बायकांमध्ये बसून कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिनं माझ्याकडे बोट केलं. 'सोसी' म्हणजे सून, एवढं मला कळतं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणताय?" मी विचारलं.

"अप्पा फोनवर काय म्हणायचे ते मी सांगत होते," नणंद म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "म्हणायचे, माझी सून मला काय कमी पडू देत न्हाय. पोरीच्या परीक्षेचं वर्ष, तरी तोंडातनं एक वाकडा शब्द नाही. वहिनी, तुम्ही केलंत तसं मलाही जमलं नसतं."

एक म्हातारी बाई हात पुढं करून माझ्या हाताला हात लावून गेली. माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. नवरा पलीकडे पुरुषांच्या पंगतीत पाणी वाढत होता, त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. मी नणंदेला काही सांगितलं नाही. तिच्या पानात भात तसाच होता, त्यावर आमटी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले.