मी न पाहिलेलं डेल्फ्ट

मी हॉलंडला कधीही गेलेलो नाही. ही गोष्ट आता जगात चारच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातली तीन माझ्या घरात राहतात.

(विमानतळ धरायचा नाही. भारतात जाता-येता ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर मी इतका बसलोय की लाकडी ट्युलिप विकणाऱ्या दुकानदाराने मला बघून मान हलवायला हवी. पण काचेच्या पलीकडे जायला व्हिसा लागतो. माझ्या मुलीला लागत नाही, कारण ती जन्मली अमेरिकेत. तिचा पासपोर्ट निळा आहे. माझाही निळाच आहे, पण चुकीचा निळा.)

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. मी, बायको स्नेहल आणि मुलगी संघमित्रा, जिला शाळेत मित्रा म्हणतात आणि घरी चिडल्यावर पूर्ण नावाने. मी मूळचा नागपूरचा. इथे कंपनीत नोकरी, वर्क व्हिसा, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहण्याचा दांडगा अनुभव.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. मी तिचा एकुलता एक दादा. तिला सायकल शिकवताना मीच पाडलं, आणि दहावीच्या निकालाला मीच पेढे आणले. लग्नाला जायचं यात चर्चेसारखं काही नव्हतंच. उलट मी अंगात आल्यासारखा प्लॅनिंगला लागलो. येताना ॲमस्टरडॅमला एक रात्र थांबायचं, रीतसर व्हिसा काढायचा आणि शेजारचं डेल्फ्ट बघायचं. चौकातलं जुनं नगरभवन, त्याच्या समोरचं नवं चर्च (नवं म्हणजे शेकडो वर्षांचं, त्यांच्याकडे नवं यालाच म्हणतात), कालव्याच्या बाजूला कललेल्या मनोऱ्याचं जुनं चर्च आणि पूर्वेची ती दोन टोकदार बुरुजांची वेस. कुठून सुरुवात केली की ऊन कुठे पडेल इथपर्यंत मी अभ्यास केला. आणि न राहवून फॅमिली ग्रुपवर जाहीरही केलं: लग्न आटोपून आम्ही हॉलंड करणार.

आमची ही जाहीर करण्याची सवय. तिकीट हातात नसतं, पण गावभर झालेलं असतं.

मग माझ्या अमेरिकेच्याच व्हिसाने मान टाकली. पासपोर्टवरचा शिक्का संपला होता, आणि नवा मारून घ्यायची भारतातल्या मुलाखतीची तारीख पुढे, आणखी पुढे, आणि मग कॅलेंडरच्या बाहेर गेली. वकीलबाई फोनवर फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही जरूर जा; परत येता येईल का, ते मात्र मला विचारू नका. घराचा हप्ता, मित्राची शाळा, माझी नोकरी, सगळं इकडे. आम्ही गेलो नाही. लग्नही गेलं आणि हॉलंडही गेलं.

लग्न मी फोनवरून अटेंड केलं. मामेभावाने फोन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पुष्पगुच्छाला टेकवून ठेवला. इथे सकाळ होती, मी किचनमध्ये कुर्ता घालून बसलो होतो, खाली पायजमा रात्रीचाच. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा मला बाबासाहेबांचा फोटो आणि प्रज्ञाच्या केसातलं फूल एवढं दिसत होतं, आणि तेवढ्यावरही माझं भागत होतं. तेवढ्यात मोठे काका आले. त्यांना बसायला जागा हवी होती. त्यांनी मला उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि खिशात टाकलं. बाकीचं लग्न मी काकांच्या खिशातून ऐकलं. शेवटी प्रज्ञा आणि जावई खास माझ्या खुर्चीपाशी आशीर्वादाला आले, तेव्हा खुर्चीवर काका होते. काकांनी भरभरून आशीर्वाद दिला. मी आत होतो.

त्यानंतर प्रज्ञा माझ्याशी नीटच बोलायची, आणि तेच मला टोचायचं. नीट बोलायची तिला सवय नव्हती.

मे उजाडला. मित्राच्या वर्गातली अर्धी मुलं सुट्टीत युरोपला निघाली होती. ती जेवताना म्हणाली, "आय कॅन गो टू युरोप एनी टाइम. इट्स यू गाइज हू कान्ट." खोटं काही नव्हतं, त्यामुळे तिला रागावताही येईना. तेव्हा स्नेहलने शोध लावला की खाली आयोवात, गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, डच लोकांनी वसवलेलं एक गाव आहे. कालवा आहे, पवनचक्की आहे, डच धाटणीच्या घरांच्या रांगा आहेत, ट्युलिपचा उत्सव आहे. "आणि व्हिसा लागत नाही," ती म्हणाली. मी पुऱ्या बांधायला घेतल्या.

गाव सुरेख होतं. खोटं सांगत नाही, अगदी माझ्या अभ्यासातलं डेल्फ्ट कोणीतरी धुऊन, इस्त्री करून मक्याच्या शेतात ठेवल्यासारखं. पायऱ्या-पायऱ्यांचे दर्शनी भाग, घड्याळातून तासाला बाहेर येऊन नाचणाऱ्या बाहुल्या, लेसच्या टोप्या घातलेल्या आज्या, आणि पवनचक्कीसमोर बदामाच्या पेस्ट्रीची बेकरी, जिथे मित्राने दोनदा रांग लावली. पवनचक्कीतल्या गाइडबाईंनी सांगितलं की ही थेट हॉलंडमध्ये तयार झाली, सुटी करून जहाजाने आणली आणि इथे उभी केली. म्हणजे तीही बाहेरूनच आलेली. पण तिला आल्याबरोबर कायमचं राहू दिलं. मी तिच्याकडे जरा आदराने पाहिलं, आणि जरा जळूनही.

मग स्नेहलने मला लाकडी बूट घालायला लावले. हात पसरून, दात काढून, मागे पवनचक्की, पुढे ट्युलिप असा माझा एक फोटो निघाला. आयुष्यात इतका खुश मी माझ्या लग्नाच्या फोटोतही नाही. तिने तो, कालव्याचे आणि घरांचे आणखी चार-पाच असे सगळे फॅमिली ग्रुपवर टाकले. खाली काही लिहिलं नाही, कारण पुऱ्यांचा डबा उघडला होता.

परतीच्या वाटेवर नागपूरला उजाडलं आणि माझा फोन थरथरायला लागला. मोठे काका मागच्या वर्षी टूर कंपनीच्या बसने युरोप करून आलेले. युरोपबद्दल ग्रुपवर अंतिम शब्द त्यांचा. त्यांनी लिहिलं: 'व्वा! डेल्फ्ट! मी याच पुलावर उभा होतो.' मग त्यांनी स्वतःचा पुलावरचा फोटो टाकला. दोन्ही पुलांत एवढंच साम्य होतं की खाली पाणी होतं. पण काकांनी शिक्कामोर्तब केलं होतं. मावशीने लिहिलं: 'छान. फिरा.' आमच्याकडे 'छान'नंतर पूर्णविराम आला की समजायचं. आणि मग ती ओळ आली: प्रज्ञा ग्रुपमधून बाहेर पडली.

मी गाडी गॅस स्टेशनला घेतली. प्रज्ञाने फोन उचलला नाही. आईने उचलला.

"जाऊन आला ना बापा हॉलंडला?" आई म्हणाली. "बहिणीच्या लग्नाले सरकार सोडत नव्हतं. फुलं पाहाले बरं सोडलं."

मी सांगितलं की हे हॉलंड नाही, आयोवा आहे. आईने विचारलं, आयोवा कुठे आलं. म्हटलं, अमेरिकेत. तिने पवनचक्कीचं विचारलं. म्हटलं, तीपण अमेरिकेत. कालवा? अमेरिकेत. त्या टोपीवाल्या बाया? आई, त्याही अमेरिकेतच. जितकं खरं सांगत गेलो तितकं ते माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

"अमेरिकेत असून तू अमेरिकेतच हॉलंड पाहाले गेला?" आई म्हणाली. "इतकं तर पाचवीतलं पोरगंबी खोटं बोलत नाही."

बाबा मागून म्हणाले, जाऊ दे, त्याचा पैसा, त्याचे पाय. हे ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आता पुरावा देणं आलं. मी घरी पोहोचून पासपोर्टची कोरी पानं व्हिडिओवर दाखवली. काकांनी ग्रुपवर खुलासा केला की युरोपात आता शिक्के मारत नाहीत, सगळं मशीनवर असतं. स्नेहलने गाडीची मिनेसोटाची नंबरप्लेट दाखवली, तर मावशीने विचारलं की नवीन गाडी घेतली का. म्हणजे त्यातही आम्ही उधळपट्टीत सापडलो.

मी पेटलो. पुढच्या शनिवारी पुन्हा आयोवा! प्रज्ञा माझा फोन घेत नव्हती म्हणून जावयांना व्हिडिओ कॉल लावला आणि तिला शेजारी बसवायला सांगितलं. ती बसली, पण पडद्याच्या बाहेर. तिची ओढणी तेवढी दिसत होती. मी म्हटलं, हा बघा अमेरिकेचा झेंडा. वारा पडलेला, झेंडा काठीला गुंडाळलेला. त्यात जे दिसलं ते लाल, पांढरं आणि निळं, आणि हॉलंडच्या झेंड्यातही नेमके हेच तीन रंग. जावई "हो, हो" म्हणाले, जसं दारूड्याला म्हणतात.

शेवटचा उपाय म्हणून मी एका आजोबांना गाठलं. डच पोशाख, काळी टोपी, लाकडी बूट. त्यांना कळवळून सांगितलं की सर, माझ्या बहिणीला एवढंच सांगा, आपण कोणत्या देशात आहोत. आजोबांना वाटलं, पाहुणा रंगात आलाय. त्यांनी टोपी काढली, कमरेत वाकले, दोन-चार वाक्यं खणखणीत डचमध्ये म्हटली आणि मग फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "वेलकम टू हॉलंड, यंग लेडी!"

मी त्यांना हात जोडले. म्हटलं, आयोवा म्हणा, प्लीज, एकदा आयोवा म्हणा. ते डोळा मारून निघून गेले.

"दादा," जावई म्हणाले, "तिथले लोक फार प्रेमळ दिसतात हो." आणि फोन बंद झाला. मित्रा एवढंच म्हणाली, "डॅड, व्हाय आर यू येलिंग ॲट द विंडमिल गाय?" तिच्या नशिबी असला बाप, माझ्या नशिबी असली सहल.

प्रज्ञाचा फोन आला तो मी नाद सोडल्यावर. रविवारी सकाळी मी लॉन कापत होतो.

"दादा, ते गाव अमेरिकेतच आहे," ती म्हणाली. "मी नेटवर पाहिलं."

मला वाटलं, जिंकलो. मी मशीन बंद केलं आणि म्हटलं, मग! सांगत होतो ना. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं की ती रडत होती.

"मला वाटलं तू खोटं बोलून राहिला," ती म्हणाली. "मग राग येत होता. राग बरा होता रे, दादा. तुम्हाला खरं हॉलंड पाहाले जाता येत नाही म्हणून तुम्ही नकली हॉलंड पाहाले गेले. अन् त्या फोटोत तू किती हसत होता."

अर्धं लॉन कापलेलं, अर्धं तसंच, आणि मी मधोमध.

"आईले सांगू नको," ती म्हणाली. "तिला वाटते पोरगा जगभर फिरून राहिला अन् आपल्याला विसरला. ते ती सहन करून घेईल. तू तिथं अडकून पडला हे समजलं तर तिला झोप नाही येणार."

त्या संध्याकाळी प्रज्ञा ग्रुपमध्ये परत आली. मी ग्रुपवर लिहिलं: 'हो, गेलो होतो. सॉरी.' आईने त्यावर नमस्काराचे हात पाठवले, काकांनी पुलाचा फोटो पुन्हा टाकला. मी रीतसर स्वार्थी मुलगा झालो आणि सगळे शांत झाले. त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. पण नागपूरला आई झोपते.

आता हॉलंड म्हटलं की नातेवाईक काकांना सोडून मला फोन करतात. मीही हात आखडता घेत नाही. नगरभवन सकाळी बघा, जुन्या चर्चचा कललेला मनोरा पुलावरून बघा, पूर्वेची वेस चुकवू नका. परवाच काकांचे एक मित्र डेल्फ्ट करून परतले आणि त्यांनी मुद्दाम फोन केला. म्हणाले, तुम्ही सांगितलेलं सगळं जसंच्या तसं मिळालं, फक्त पवनचक्कीसमोरची ती बदामाच्या पेस्ट्रीची बेकरी काही सापडली नाही.

मी म्हटलं, बंद झाली असेल. मला जाऊन आता बरेच दिवस झाले.