मावशीनं भाव केला नाही

बाजारात मला फसवणं सोपं नाही. बाभुळगावच्या बाजारात आईशेजारी बसून मेथी विकत मी वाढले आणि त्याच मेथीवर नर्सिंगची फी भरली. त्यामुळे आर्णीच्या वांगीवाल्या मावशीशी माझं पहिल्याच दिवशी जुळलं. म्हणजे भांडण जुळलं.

दर आठवड्याला आमची मानसिक आरोग्याची जीप यवतमाळहून आर्णीच्या सरकारी दवाखान्यात जायची. डॉक्टर, मी आणि गोळ्यांची पेटी. दिवस मुद्दाम बाजाराचा धरलेला, कारण बाजाराला निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून कोणी विचारत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पिशवी घेऊन बाजारात शिरायची.

मावशी पन्नाशीची, जीभ मात्र विशीतली. मी भाव पाडून मागितला की निवडलेली वांगी ती परत ढिगात टाकायची.

"सरकारचा पगार खाता अन् गरिबाच्या वांग्यावर डोळा ठेवता? व्हा पुढं!"

मी फणकाऱ्यानं पुढे जायची. चार पावलांवर हाक यायची, "या आता बाई, रागानं काय पोट भरते?"

सौदा व्हायचा. पण वर सांभार मिळायचा नाही. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात, आणि भाजीवर त्याच्या दोन काड्या फुकट मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क. मावशीला तो मान्य नव्हता. चार वर्षांत तिनं मला एक काडी दिली नाही.

एका बाजारी मी नेहमीसारखा निम्मा भाव मागितला. मावशी म्हणाली, "द्या तुमाले काय द्याचं ते." वांगी तिनं न तोलता पिशवीत ओतली आणि वर सांभाराची अख्खी जुडी ठेवली.

मी तोलायला सांगितलं.

"तराजू देल्ला त्या कांदेवालीले. मले काय कराचा आता?"

पैसे काढता काढता मी थांबले; पोटाचं साधन कोणी असं देऊन टाकत नाही.

नर्सिंग शिकताना मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात आमची ड्यूटी लागली होती. पुस्तकात परिचर्येचा इतिहास होता. आधी साखळी आणि कोठडी, मग कुलूप लावणारे राखणदार, मग माणसाशी बोलणारी, त्याचं ऐकून घेणारी नर्स. मी तो धडा घोकून पास झाले. पण समजावला तो तिथल्या एका म्हाताऱ्या वॉर्डबॉयनं. त्याची उमेदीची वर्षं चाव्यांच्या जुडग्यासोबत गेली होती. तो म्हणायचा, "पोरी, आम्ही दारं मोजायचो, तुम्ही माणसं पाहा. रोज जेवणावरून भांडणारा मुकाट जेवला, की मला त्या रात्री झोप येत नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि मावशीच्या पोत्यावर तिच्याशेजारी बसले. गिऱ्हाईक या बाजूला बसत नाही. तिनं सरकून जागा दिली. गप्प बसणं हेही आमच्या कामात येतं, आणि मला तेच सगळ्यात कमी जमतं.

मग सरळ विचारलं, "मावशी, मरून जावं असं वाटून राह्यलं काय?"

असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते शिरतं, असं लोकांना वाटतं. शिरत नाही. उलट आत कोंडलेलं बाहेर यायला वाट मिळते. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. काहून, असं मी विचारलं नाही. प्रत्येक दुखण्याला सांगता येण्यासारखं कारण असतंच असं नाही.

"चाल माझ्यासंगं."

"पुढच्या बाजारी येतो."

"आत्ता."

"वांगे?"

"कांदेवाली पाहीन. तराजू फुकट भेटला तिले, एवढं तं करन."

मी हात धरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, हुशार, पण समोर रांग होती. त्यांनी विचारलं, झोप येते का, जेवण जातं का. मावशी म्हणाली, "हाव, सारं बरं हाय." डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं. मी बाजारातलं सगळं सांगितलं, तर रांगेतल्या लोकांसमोर हसून म्हणाले, "सिस्टर, वांग्याच्या भावावरून निदान होत नसतं."

हा शब्द मी विसरलेली नाही.

मी दारात उभी राहिले. "दहा मिनिटं द्या. दार लावून. झोपेचं विचारू नका, तराजू कोणाला दिला ते विचारा."

"पाच मिनिटं."

"दहा! नाहीतर मी जीपमध्ये बसणार नाही, आणि पेटीची किल्ली माझ्याजवळ आहे."

त्यांनी दार लावलं. रांग माझ्यावर खेकसली, मी रांगेवर खेकसले. दार उघडलं तेव्हा मावशीचे डोळे सुजले होते आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "सिस्टर, हिला सोबत न्यायचं. घरच्यांना फोन करा." सुनेला घेऊन मावशी आमच्याच जीपमधून यवतमाळला आली आणि भरती झाली. वाटभर तिचा हात माझ्या हातात होता, आणि डॉक्टरांशी मी एक शब्द बोलले नाही.

उपचार सावकाश चालले. घरी गेल्यावरही सून तिला दर आठवड्याला दाखवायला आणायची. मावशी गोळ्या घ्यायची, विचारलं तेवढंच बोलायची. मग एका बाजारी मी गेले तर ती आपल्या पोत्यावर बसलेली. तराजू परत आला होता.

मी निम्मा भाव मागितला.

"एवढ्यात तं वांग्याचं देठ नाही येत, बाई! तुमी माह्या हाताले धरून नेलं म्हणून काय जन्मभर फुकट खासान?"

मला खरंच राग आला. मी तरातरा निघाले. चार पावलं झाली, सहा झाली. तिनं हाक मारली नाही. रिकामी पिशवी घेऊन मी दवाखान्यात आले, तेव्हा डोळे पुसायला तीच हातात होती.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "मावशी काय म्हणाली?"

"लुटते!"

ते हसले आणि तिच्या कागदावर त्यांनी लिहिलं, चांगली सुधारणा. कशावरून, ते लिहिलं नाही. आजही त्या कागदावर माझ्या वांग्यांचा उल्लेख नाही.