ओलं धोतर

“रगत बगितलं की मला कळतंय, त्याला बाटलीत कशाला बुडवायचं?”

हवालदार मायाप्पा एकदा ठाण्यात म्हणाला. सगळे हसले. प्रयोगशाळेची सुकन्याही हसली. तिचंच हसणं त्याला लागलं.

मायाप्पाची पुडकी सोलापुरात नावाजलेली. जप्तीचा माल तो असा आवळायचा, लाखेचं सील असं बसवायचा, की साहेब नव्या शिपायांना ते दाखवायचे. मग नवा कायदा आला आणि मोठ्या गुन्ह्यांत प्रयोगशाळेची व्हॅन येऊ लागली. सुकन्या उतरायची, हातमोजे चढवायची. साहेब तिच्या मागेमागे. मायाप्पा गर्दी हटवत उभा. ते पांढरे हातमोजे त्याला झोपेतही दिसायचे.

“मामा, जरा मागं सरा ना.”

“सरतो की, मॅडम. आता त्येवढंच काम ऱ्हायलंय.”

ऐन मे महिन्यात कल्लप्पाचा खून झाला. त्याचा भाऊ गुरुबसप्पा याच्या मोरीत रक्तानं माखलेलं धोतर सापडलं.

“बोकड कापला हुता, हवालदार,” गुरुबसप्पा म्हणाला.

रक्त बोकडाचं की माणसाचं, यावर सगळी केस होती. व्हॅन वाटेत होती. मायाप्पा थांबला नाही. पंचांसमोर त्यानं ओलं धोतर साडीच्या प्लास्टिक पिशवीत कोंबलं, वाराही शिरणार नाही असं बांधलं आणि वर लाख ओतली. सुकन्या पोचली तेव्हा तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

“आत ओलं तर नाही ना, मामा?”

“कोरडं ठणठणीत हाय. तुमी फकस्त उगडा.”

पुडकं मालखान्यात तापत्या पत्र्याखाली पडून राहिलं, मग प्रयोगशाळेत गेलं. कल्लप्पाची बायको मथुराबाई रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची.

“अण्णा, कळलं का वो रगताचं?”

“कळंल. म्या बांदलंय न्हवं?”

अहवाल आला. नमुना कुजलेला, रक्त कुणाचं, सांगता येत नाही.

“ओलं कापड आधी सावलीत वाळवतात, मामा,” सुकन्या हळूच म्हणाली. “मग कागदात बांधतात. प्लास्टिकमध्ये सडतं ते.” ती रागावली नव्हती. ते त्याला जास्त झोंबलं.

साहेबांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. “हे बघ, लिहिलंय. सील शाबूत होतं, मायाप्पा. अगदी शाबूत.”

बाहेर मथुराबाई बाकावरून उठली. “माणसाचंच हुतं न्हवं, अण्णा?”

मायाप्पानं टोपी डोक्यावर चढवली आणि तिच्यासमोरून फाटकाबाहेर निघून गेला.