मिसळणाचा डबा आणि वीस बरण्या

आमचं स्वयंपाकघर इतकं ऐसपैस आहे, की आत एकजण उभा असला तर दुसऱ्याने दारात थांबून आपली पाळी यायची वाट बघायची. बीडमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. ओटा पाच फुटांचा. शेगडी, सिंक आणि पाण्याचा फिल्टर यांची जागा वजा केली की दीड वीत उरते. त्या दीड वितीवर माझा मिसळणाचा डबा असायचा. गोल, स्टीलचा, आत सात वाट्या. क्वचित लागणाऱ्या मसाल्यांच्या पुड्या रबर लावून एका पिशवीत, आणि पिशवी खिळ्याला. दिसायला काही खास नव्हतं, पण गेली चौदा वर्षं कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

आमचे हे क्लासमध्ये गणित शिकवतात. एका रविवारी मित्राच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला जेवून आले आणि आल्या आल्या कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"आपल्याकडं मसाल्याची काही व्यवस्थाच न्हाई," म्हणाले.

चौदा वर्षांत हा माणूस त्या दारात पाण्याच्या ग्लासासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी उभा राहिलेला मी पाहिला नव्हता, त्यामुळे मला जरा भरून आलं. मी कोर्टात कारकून आहे. साडेदहाला टेबलावर असावं लागतं, म्हणून घरचा स्वयंपाक सासूबाई करतात. त्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यावर त्या चौसाळ्याहून आमच्याकडे राहायला आल्या, त्याला दोन वर्षं झाली. म्हणजे तो डबा वापरणाऱ्या आम्ही दोघी. त्यामुळे नवी व्यवस्था कशी असावी हे आम्हा दोघींना विचारायचा प्रश्नच नव्हता.

पुढचे आठ दिवस यांनी मोबाईलवर जगभरातली स्वयंपाकघरं पाहिली. टेप घेऊन ओटा मोजला, खिडकी मोजली, फिल्टरखालची पोकळी मोजली. वहीत आकृती काढली. "जागा कमी असली की आडवं जायचं न्हाई, उभं जायचं," असा सिद्धांत मला पोळ्या लाटताना ऐकवला. नवव्या दिवशी पार्सल आलं.

खोक्यातून निघाला तो चार मजली मनोरा. प्रत्येक मजल्यावर पाच काचेच्या बरण्या, आणि सगळा मनोरा बोटाने ढकलला की गरागरा फिरायचा. बरण्यांवर छापील इंग्रजी नावं. पाप्रिका, रोजमेरी, थाइम. झाकणांना मिठाच्या डबीसारखी बारीक भोकं. झाकण फिरवून काढायचं म्हणजे दोन्ही हात पाहिजेत आणि मनगटात पहिलवानाचा जोर.

आमच्याकडे मसाले एकूण बारा. बरण्या वीस. हा फरक गणिताच्या मास्तरांना सोसेना. बरण्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून त्यांनी मसाले वाढवले. एका बरणीत खडीसाखर, एकीत बडीशेप, एकीत चहाचा मसाला, आणि उरलेल्यांत पिझ्झ्याबरोबर फुकट आलेल्या पुड्या फोडून ओतल्या. रोजमेरीत हळद बसली, थाइममध्ये जिरं. जुना डबा माळ्यावर गेला.

मग मनोरा ठेवायचा कुठे, ही किरकोळ बाब उरली. दीड वितीत तो मावला, पण फिरवला की कुकरच्या दांडीवर आदळायचा. वहीतल्या आकृतीत तो उभा होता, फिरत नव्हता. मग शेगडीपलीकडे ठेवला. तिथे वाफेने तिखटाचे खडे झाले आणि भोकांतून काही पडेना. मग खिडकीत. पंधरा दिवसांच्या उन्हात लाल तिखट विटकरीच्या चुऱ्यासारखं झालं. शेवटी फ्रिजवर ठेवला, तर आत्याबाईंचा हात पुरेना. मग पुन्हा दीड वितीवर आणला आणि कुकरची जागा बदलली. कुकर आता हॉलमध्ये टीव्हीखाली असतो, असं मी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती हसली. मला वाटलं होतं, तिला दुःख होईल.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. त्यानंतर जेवण बिघडायला लागलं.

एक दिवस वरण पांढरंफटक आलं. हळदीऐवजी सुंठ पडली होती. दुसऱ्या दिवशी भेंडीत बडीशेप. मग एक दिवस आत्याबाईंचे भाऊ नेकनूरहून आले. बहिणीने हौसेने शिरा केला आणि वेलचीपूड म्हणून वरून धनेपूड भुरभुरवली. मामांनी बशी संपवली, पाणी प्याले आणि अदबीने विचारलं, "बाई, हे गोड हाय का औषध हाय?"

यांनी निदान केलं. "आईला नवीन गोष्ट नकोच हाय." आणि उपाय म्हणून इंग्रजी नावांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या, बारीक सुबक अक्षरात. आत्याबाई चौथी शिकलेल्या. चिठ्ठीकडे बघून म्हणाल्या, "मला येतं की रे वाचता." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण पांढरं.

माझं निदान वेगळं होतं. मला वाटलं, म्हातारी मुद्दाम करते आहे. मुलाशी तोंडाने भांडण्यापेक्षा त्याला रोज थोडं थोडं वाईट खायला घालून मनोरा घरातून घालवायचा तिचा बेत असावा. मी मनातल्या मनात तिला दाद दिली. कोर्टात इतके वकील पाहिले, पण इतक्या चिकाटीने खटला चालवणारा पाहिला नव्हता. म्हणून मीही काही बोलले नाही. मुकाट्याने पांढरं वरण खायचे आणि निकालाची वाट बघायचे.

मधे एकदा हळदीच्या बरणीच्या गळ्याशी कुणीतरी दोरा गुंडाळलेला दिसला. तिखटाच्या बरणीला दोन दोरे. यांनी ते सोडून टाकले. "चांगल्या वस्तूला चिंध्या कसल्या बांधायच्या," म्हणाले. मी हसले होते. ते हसणं अजून मला आठवतं.

एका बुधवारी कोर्टाला सुट्टी होती आणि मी घरी होते. आंघोळ करून आले तर आत्याबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तेल तापलं होतं. त्यांनी मनोरा हळूच फिरवला, एक बरणी चाचपली, ठेवली, दुसरी चाचपली. मग एक बरणी घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि उजव्या डोळ्याला भिडवली. डाव्याला भिडवली. मग झाकणाची भोकं जिभेला लावली आणि एकदम ठसका लागून वाकल्या. तिखट होतं. इकडे तेलातून धूर निघायला लागला. त्यांना तो दिसला नाही, वास आला तेव्हा धावल्या आणि त्यांचा हात शेगडीच्या बटणाऐवजी फिल्टरच्या तोटीवर गेला.

मी गॅस बंद केला. त्यांना हॉलमध्ये आणून बसवलं.

"आत्याबाई, दिसत न्हाई का तुमाला?"

"दिसतं की."

"कसं दिसतं?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "दुधाच्या पिशवीतून बघितल्यावानी."

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून आसंल."

आता होळी तोंडावर आली होती. "मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तुमी मला स्वयपाकघरात पाय ठिवू दिला आसता? मग दिवसभर काय करू मी इथं? तिथं चौसाळ्यात चार बाया तरी होत्या बोलायला. इथं तू कोर्टात, तो क्लासात." मग म्हणाल्या, "तुजा गोल डबा लई चांगला होता गं. मधी हळद, खिडकीकडं तिखट, माज्याकडं मोहरी. न बघता हात जायचा. हे चाक रोज कुणीतरी फिरवून ठिवतं. दोरे बांधलेते मी, तर तेबी गेले."

ज्या बाईला मी सहा महिने बेरकी समजून दाद देत होते, ती त्या सहा महिन्यांत रोज एकटीने आंधळी कोशिंबीर खेळत होती. आणि मी? मी रोज कागद वाचते, सह्या ओळखते, खाडाखोड पकडते. माझी नजर शाबूत आहे.

दुपारी हे आले. मी सांगितलं. ते मनोऱ्यापाशी गेले, तो एकदा फिरवला, थांबवला आणि तसेच उभे राहिले. मग आईजवळ येऊन बसले आणि विचारलं, "माय, माझं तोंड दिसतं का?"

"आवाज कळतो की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला. ऑपरेशनला अजून तीन आठवडे होते आणि तोवर आत्याबाईंनी स्वयंपाक सोडायला साफ नकार दिला. मी माळ्यावर चढून डबा खाली काढला आणि दीड वितीवर ठेवला. आत्याबाईंनी वाट्यांवरून बोटं फिरवली, दोन वाट्यांची अदलाबदल केली आणि त्या दिवशी वरण पिवळं आलं.

राहिलेल्या मसाल्यांसाठी यांनी गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. म्हातारे, सुतारकामाच्या तीन पिढ्या त्यांच्या घरात झालेल्या. यांनी त्यांच्यासमोर वही उघडून आकृती दाखवायला घेतली. मिस्त्रींनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"खाना कोन बनवतं?" त्यांनी विचारलं.

एवढे दिवस हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. आम्ही आत्याबाईंकडे बोट दाखवलं.

"अम्मा, इथं उभ्या ऱ्हा. हात वर करा. त्रास होईल इतका न्हाई, आरामात. बस. आता खाली." आत्याबाईंचा हात जिथे जिथे थांबला तिथे त्यांनी कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर खूण केली. मग स्वयंपाकघराचं दार ओढून लावलं. दारामागे अख्खी भिंत रिकामी होती.

"हितं करतो. वाफ येत न्हाई, ऊन येत न्हाई. चार बोटं खोल फळी, एका मागं एक डबा न्हाईच ठेवायचा. दार उघडलं तरी अडणार न्हाई."

"ही भिंत माझ्या मापात आलीच न्हाई," हे म्हणाले.

"सर, दार उघडं ठेवून मापं घेतली आसतील तुमी," मिस्त्री शांतपणे म्हणाले. यांनी वही मिटली. क्लासमधल्या मुलांनी तो क्षण पाहिला असता तर त्यांचा गणितावरचा विश्वास उडाला असता, किंवा बसला असता.

दोन फळ्या झाल्या. त्यांवर रुंद तोंडाचे, बोटं आत जातील असे स्टीलचे डबे एका ओळीत लावले. आत्याबाईंनी सांगितलं तसं प्रत्येकाचं रूप वेगळं ठेवलं. मीठ चिनी मातीच्या बरणीत, काळा मसाला कडीच्या डब्यात, हिंग छोट्या डबीत. चिठ्ठी एकालाही नाही. मनोरा यांनी क्लासमध्ये नेला. तिथे म्हणे त्यात खडू आणि स्केचपेनं फार छान राहतात. मी काही म्हटलं नाही. एखाद्या वस्तूला तिची जागा सापडली की आपण कशाला बोला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आत्याबाईंना काळा चष्मा लावून रिक्षातून घरी आणलं. त्यांनी चप्पल काढली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, आता फळ्यांचं कौतुक होईल. त्या शेगडीमागच्या फरशीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आगं बाई, किती तेलकट झालंय हे! इतकं घाण घर हाय आपलं?"

मी म्हटलं, "हो, हाय."

मग त्या वळल्या. हे औषधांची पिशवी घेऊन दारात उभे होते. आत्याबाईंनी चष्मा जरा वर केला, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तरी, आणि मुलाकडे निरखून बघितलं. जवळ जाऊन त्याच्या कानावरच्या केसांना हात लावला.

"तुजे केस कधी पिकले रे?"

"झाले की सहा-सात महिने," हे म्हणाले.

त्यांनी त्याच्या हातातून पिशवी घेतली, त्याला पाटावर बसवलं आणि मला म्हणाल्या, "कणीक मळ. आज त्याला धपाटे करू." हे निमूटपणे बसून राहिले. मला मात्र आत जायला जागा उरली नव्हती, म्हणून मी परात घेऊन दारातच बसले आणि तिथेच कणीक मळली.