प्लॅटिनमची तार

त्याचं खरं नाव नेमणुकीच्या कागदावर तेवढं उरलं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला जपूनकाका म्हणत, कारण कुणी साधा चंबू उचलला तरी हा मागून "जपून, जपून!" करत यायचा. माणूस जन्मजात भित्रा. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचा, अर्ध्या जिन्यावरून परत फिरून चौथ्यांदा ओढायचा. बायको म्हणायची, "अहो, ते कुलूप चोराच्या हातून नाही, तुमच्याच हातून तुटणार आहे."

पण जिथे भट्टी, आम्ल आणि वायूच्या टाक्या यांच्याशी रोज गाठ, तिथे असला माणूस म्हणजे देवाची देणगीच म्हणायची. बावीस वर्षांत त्याच्या हातून काही सांडलं नव्हतं की फुटलं नव्हतं. नेमणूक मात्र तात्पुरती. ती दरवर्षी प्रमुख मॅडमच्या सहीने वाढायची, आणि त्या सहीच्या महिन्यात काका त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालत जायचा.

मॅडमचं काम इंधनघटावर. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज काढायची, मागे उरतं ते नुसतं पाणी. ऐकायला सोपं आहे, पण ऑक्सिजन महाहट्टी, त्याला वळवायला उत्प्रेरक लागतो आणि प्लॅटिनमसारख्या दुर्मीळ धातूशिवाय तो कुणाला फारसा बधत नाही. मॅडमना तेच काम साध्या लोखंडाकडून करून घ्यायचं होतं. कार्बनच्या काळ्या भुकटीत लोखंडाचा एकेक अणू सुटासुटा बसवायचा. दोन अणू एकमेकांना चिकटले की काम बिघडलं. काका म्हणायचा, "वर्गातल्या पोरांसारखंच आहे. शेजारीशेजारी बसवली की गप्पा सुरू."

ती भुकटी नऊशे अंशांवर भाजायची, आम्लाने धुवायची आणि चाचणीला लावायची, हे काकाचं काम. पाच वर्षांत त्याने शेकडो भुकट्या भाजल्या. चाचणीच्या पहिल्या दिवशी त्या जोरात असायच्या आणि आठवड्यात मान टाकायच्या. मॅडम दर वेळी नवीन भुकटीचं प्रमाण लिहून द्यायच्या.

त्या सोमवारी काका नेहमीसारखा सर्वांच्या आधी आला. आम्लाच्या भांड्यात एका बाजूला भुकटी लावलेली काडी, समोर ग्राफाइटची दांडी, आणि मग तीस हजार वेळा विजेचा दाब वरखाली करायचा, अशी ती चाचणी. दांडी पुसताना ती हातातून सटकली आणि फरशीवर तिचे दोन तुकडे झाले.

काका गार पडला. सहीचा महिना होता. नवीन दांडी भांडारातून यायला दोन दिवस, आणि मॅडम दहाला हजर. त्याने तुकडे खिशात घातले, खण उघडला. आत दुसऱ्या प्रयोगांसाठी ठेवलेली प्लॅटिनमची तार होती. वीजच तर जायची आहे, असं स्वतःला बजावत त्याने ती दांडीच्या जागी बसवली आणि झाकण लावलं. चाचणी संपली त्या दिवशी कुणी यायच्या आत तार पुन्हा खणात आणि नवी दांडी भांड्यात गेली.

आणि निकाल काय यावा? भुकटीने मान टाकली नाहीच, उलट फेऱ्या वाढल्या तशी ती सुधारत गेली. मॅडम आलेख हातात घेऊन धावतच बाहेर आल्या. "काका, जिंकलो आपण! लोखंड जिंकलं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकालाही भरून आलं. दांडीचं तो विसरूनच गेला.

आठवण झाली ती पुढच्या आठवड्यात. बाहेरून पाहुणे आले होते आणि मॅडम त्यांना भांडं दाखवत होत्या. "समोर आम्ही मुद्दाम ग्राफाइट ठेवतो. प्लॅटिनम ठेवलं तर ते कणाकणाने आम्लात विरघळतं आणि जाऊन भुकटीवर बसतं. मग काम करतं प्लॅटिनम आणि शाबासकी मिळते लोखंडाला."

काकाच्या हातातल्या तबकातल्या काचा खडखडल्या.

"जपून, काका!" मॅडम हसून म्हणाल्या. पाहुणेही हसले.

घरी जेवताना तो नुसताच भात चिवडत बसला. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट बाजूला सरकवलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"गप्प बसलात तर काय होईल?" तिने विचारलं.

"चार दिवसांनी मॅडम मोठ्या सभेत हे सांगणार. मग कुणीतरी तशीच भुकटी करून बघेल आणि ती चालायची नाही. जगासमोर त्या खोट्या पडतील."

"आणि सांगितलंत तर?"

"मी घरी बसेन."

"मग बसा की घरी. कुलूप तरी टिकेल."

"तसं नाही गं. त्यांनी नुसतं डोळे मोठे केले तरी मी शब्द फिरवीन. मी मला ओळखतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मॅडमच्या दारात उभा राहिला. दांडी, तार, खण, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

मॅडमनी टेबलावरचा आलेख पुढे ओढला. "फेऱ्या वाढतील तशी सुधारणारी भुकटी," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हाच शंका घ्यायला हवी होती मी. घेतली नाही." मग त्यांनी उठून दार लावून घेतलं. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"बायकोला."

"काका, हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं धरून चाला. सभा होऊन जाऊ दे, मग आपण शांतपणे पुन्हा चाचणी करू. तुमच्या सहीची काळजी करू नका."

काकाच्या अगदी जिभेवर 'हो' आलं होतं.

"मॅडम, मी आताच प्रयोगांच्या नोंदवहीत लिहून आलोय," तो म्हणाला. "तारखेसकट, शाईने. पानांवर छापील आकडे आहेत, फाडता यायचं नाही. तुम्ही गप्प बसा म्हणालात तर मी गप्प बसेन, हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी लिहिलं, मग आलो."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि खुर्ची त्याच्यापासून जराशी मागे सरकवली. बावीस वर्षं तो या बाईला भीत आला होता, आणि आज ती त्याला भ्यायली होती. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"पाणी आणू का, मॅडम?" त्याने विचारलं.