उघडी सीडी आणि आत्यांचं लुगडं

लेकीच्या लग्नाला आमच्या आत्या येऊ शकल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन ताजं होतं. पण त्यांनी नवरीसाठी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीहून एक जांभळं इरकली लुगडं पाठवलं, लाल काठाचं. लग्न झाल्यापासून फोनवर त्यांचा एकच प्रश्न असे.

"नेसली का रं माझं लुगडं?"

"नेसली की आत्या. हळदीला नेसली."

"तू तर व्हय म्हणणारच. दाव मला."

मोबाइलवर दाखवून उपयोग नव्हता. मोतीबिंदूमुळे त्यांना त्यातली नवरी आणि करवली सारख्याच दिसत. त्यांच्या घरी मात्र मोठा टीव्ही आहे आणि कीर्तनं बघायचा जुना डीव्हीडी प्लेअर अजून चालतो. मी म्हटलं, फोटोंची सीडी करून आणतो.

मी धाराशिवला कचेरीत नोकरी करतो, त्यामुळे घराण्यात मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा समज आहे. मी टपालाची आवक-जावक बघतो हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सीडी भरताना कॉम्प्युटरनं विचारलं, ही आता बंद करू, की पुढं भर घालायला उघडी ठेवू? आता आपल्याकडं लग्नाचा अल्बम तयार झाला की कुणीतरी रुसतंच, आमचा फोटो न्हाय म्हणून. मेहुण्याकडचे फोटो अजून यायचे होते आणि मेहुणा रुसला की दिवाळीपर्यंत रुसतो. मी उघडी ठेवली. शहाणपणा केला असं वाटून वर चहाही घेतला.

रविवारी एसटीनं वाशी गाठली. आत्या टीव्हीसमोर खाटेवर चष्मा पुसून तयार. सीडी आत सरकवली. प्लेअर घरघरला, खाकरला आणि पडद्यावर लिहून आलं: डिस्क नाही.

सीडी शर्टाला पुसली. मग वहिनींच्या, म्हणजे आत्यांच्या सुनेच्या, मऊ पदराला पुसली. प्लेअर उलटा करून झटकला, त्यातून एक वाळकी मुंगी पडली. डिस्क नाही. मग कीर्तनाची सीडी लावली, तर बुवा लगेच हात वर करून उभे.

"बुवा दिसत्यात," आत्या म्हणाल्या. "तुझी लेकच तेवढी दिसंना."

"सीडीत आहे ती आत्या."

"लुगडं नेसली असती तर दिसली असती."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. इथं माझ्या लेकीचीच नव्हे, माझीही अब्रू त्या प्लेअरच्या फटीत अडकली होती. मी सीडी घेऊन पेठेतल्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या बाईंनी ती कॉम्प्युटरला लावून क्षणभर बघितली.

"काका, उघडी ठेवलीय तुम्ही ही. बंद केल्याशिवाय जुना प्लेअर वाचत न्हाय."

"पण मेहुण्याचे फोटो यायचेत."

"मग मेहुणे येईपर्यंत आत्यांना थांबवा."

मी मनातल्या मनात मेहुण्याला हात जोडले आणि म्हणालो, करा बंद. एक बटण दाबलं आणि मेहुणा सहकुटुंब लग्नाबाहेर राहिला.

परत आल्यावर प्लेअर पुन्हा घरघरला आणि मंडप उमटला. मग केळीचे खांब. मग आचारी. मग तोच आचारी, झाऱ्यासह. फोटोग्राफरला आचारी लई आवडलेला दिसत होता. एकेक फोटो सावकाश उतरत होता, घागर विहिरीत सोडावी तसा. आत्या पापणी लववत नव्हत्या.

आणि नवरी आली. जांभळं लुगडं, लाल काठ, गालाला हळद. फक्त ती आडवी होती. मोबाइलवर सरळ दिसणारे उभे फोटो प्लेअरनं खुशाल कुशीवर निजवले होते. मी टीव्ही उभा करता येईल का म्हणून त्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," म्हणत आत्या गुडघा सांभाळून हळूच खाटेवर आडव्या झाल्या आणि हातावर गाल टेकून बघू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वहिनी खाली सतरंजीवर तशाच कलंडल्या. मग मीही कलंडलो.

"काठ माझाच हाय," आत्या म्हणाल्या. "माझंच लुगडं. गोड दिसाया लागली की रं." तेवढ्यात फोटो पुढं सरकला. "थांबीव, थांबीव. माघारी घे."

मी रिमोट दाबला. प्लेअर माघारी गेला तो थेट मुळापर्यंत. मंडप. केळीचे खांब. आचारी.

"लई वेळ लागंल आत्या. उठून बसता का?"

"कशाला," त्या म्हणाल्या. "यील की ती. पडूनच ऱ्हाते."